पाच शब्दांच्या पुड्या

मेल्चोरा इपानाकेशी भांडून आमच्या मोन्ते ग्रांदेत आजवर कुणी जिंकलेलं नाही. नदी एकदा जिंकत आली होती, पण तिलाही अर्ध्यावर माघार घ्यावी लागली. त्र्याऐंशी सालचा पूर होता तो. नदीनं मेल्चोराचं कुडाचं घर नेलं, कोंबड्या नेल्या, खाट नेली. चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, शिजवायचा मोठा रांजण मात्र तिला नेता आला नाही. मेल्चोरानं तो आल्गारोबोच्या झाडाला दोरानं आवळून बांधला होता आणि स्वतःला रांजणाला. दोन दिवस बाई झाडावर. तिसऱ्या दिवशी रुफिनो नावाचा होडीवाला आला आणि म्हणाला, "बाई, चला, उतरा खाली. रांजण राहू द्या इथंच."

"रांजण आधी," मेल्चोरा वरून म्हणाली.

"अहो, होडीत जागा दोघांचीच आहे!"

"मग बरोबर आहे. मी आणि रांजण. तुम्हाला पोहता येतं ना?"

होडीत रांजण, शेजारी वल्हं मारणारी मेल्चोरा आणि मागं नाकातोंडात चिखल जात पोहणारा रुफिनो, अशी ती वरात शाळेच्या टेकाडाला लागली. सगळं गाव टेकाडावरच बसलेलं, त्यामुळे बघायचं कुणाचं राहिलं नाही. एवढं झाल्यावर लग्न न करून भागणार होतं का? पाणी ओसरल्यावर केलं दोघांनी.

रुफिनो बिचारा आता नाही, बारा वर्षं झाली. मूलबाळ झालं नाही. रांजण आहे. चिचा तयार झाली की दारातल्या काठीवर पांढरं फडकं चढतं, आणि ते दिसलं की कापसाच्या शेतातून घरी निघालेल्या गड्यांचे पाय आपोआप तिकडं वळतात. बायका घरी वाट बघतात, पण फडकं त्यांनाही दिसतंच की. मेल्चोरा आता सहासष्टची. दात मोजके उरलेत, जीभ सगळी शाबूत आहे. गाढव एक आहे. त्याचं नाव बिशप. जड पावलानं, मान खाली घालून, जगाच्या पापांचा विचार करत असल्यासारखा चालतो म्हणून बिशप. पाद्रीबाबांनी एकदा नाव बदलायला सांगितलं, तर ही म्हणाली, "बदलते की. पण त्याला आता त्याचीच सवय झालीय. हाका मारून थकलात तर मला सांगू नका."

आणि मेल्चोराजवळ पाच शब्द आहेत.

ते तिच्या आजीचे, मामा गोयाचे; थोरल्या बाईला आमच्याकडं मामा म्हणतात. मेल्चोराची आई लिमाला लोकांची घरं पुसायला गेली ती तिकडचीच झाली, मग पोरीला वाढवलं मामा गोयानं. मामा गोया आमच्या सगळ्यांसारखी स्पॅनिशच बोलायची, भांडायची तर फर्डं स्पॅनिश. पण गाढवाला थांबवायचं असलं की "तुंकाल!" म्हणायची. चूल फुंकताना तिला दमात घ्यायला "सिर्के". रांजण ढवळताना एक लांबलचक शब्द होता, तो निम्मा घशातच राहायचा. तान्हं मूल झोपवताना "लामू, लामू". आणि रात्रीचं दार लावताना एक, अगदी हळू, दाराच्या फळीला ओठ लावून. म्हणजे माणसांशी स्पॅनिश आणि बाकीच्यांशी हे. तान्ह्या मुलाला बहुतेक ती अजून माणसांत धरत नसावी.

मामा गोयाच्या आईला ती बोली सगळी यायची म्हणतात. मामा गोयाला पाचच शब्द आले. तिला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "पाच पुरतात. गाढव, चूल, रांजण, पोर, दार. आणखी असतंच काय घरात?" नवऱ्याशी बोलायला एकही नव्हता. तो लागत नसावा.

मेल्चोरा शाळेत गेली तेव्हा धावणाऱ्या एका मैत्रिणीला "तुंकाल!" ओरडली आणि बाईंनी तिला दुपारभर उन्हात उभं केलं. जनावरांची भाषा शाळेत नको, म्हणाल्या. दुसरी एखादी असती तर तिथंच विसरली असती. ही त्या दिवशी उन्हात उभं राहून पाचही शब्द मनातल्या मनात घोकत राहिली, बाईंकडं बघत. कधी कधी माणसाला हट्ट कुठून मिळतो ते सांगता येत नाही. हिला मिळाला तो शाळेतून, एवढं नक्की.

दोन वर्षांमागं लिमाहून एक शिकलेली बाई आली. जुनी बोली कुणाला येते का विचारत दारोदार फिरली, आणि सगळ्यांनी तिला मेल्चोराकडं पाठवलं. बाईनं आवाज पकडायचं छोटं यंत्र पुढं धरलं आणि अदबीनं दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणत विचारलं.

"तुंकाल म्हणजे काय, दोन्या मेल्चोरा? अर्थ काय त्याचा?"

"अर्थ? गाढव थांबतं, हा अर्थ."

"पण थांब असा अर्थ, की गाढव असा, की..."

"ते गाढवाला विचारा. त्याला कळतो. मला कुठं कळतो?"

बाईनं खरंच बिशपचा आवाजही यंत्रात घेतला. खूप आभार मानून, तीन कटोरे चिचा पिऊन, जरा डुलतच ती गाडीत बसली. यंदा शाळेचा वाढदिवस झाला. त्याला मेल्चोरा दोन घागरी चिचा घेऊन गेली तर भिंतीवर मोठा फलक. रंगीत, मागं जुन्या मातीच्या भांड्यांचं चित्र. मेल्चोरा हळू वाचते, पण वाचते. वर लिहिलं होतं, आमच्या पूर्वजांची भाषा. खाली लिहिलं होतं, नोंदी फार थोड्या. आणि सगळ्यात खाली, ठळक: ही भाषा मृत असून तिचा एकही शब्द आता कुणी बोलत नाही.

मेल्चोरानं ते दोनदा वाचलं. मग विल्मेर मास्तराला हाक मारली. मास्तर चाळिशीचा आहे, पण त्याचं नाक तिनं पुसलेलं आहे, त्यामुळे अहो-जाहो होत नाही.

"विल्मेर, हे कुणी लिहिलं?"

"छापून आलंय, दोन्या मेल्चोरा. पियुराहून, शहरातल्या कचेरीतून."

"सकाळीच मी गाढवाला तुंकाल म्हणाले. म्हणजे मी मेलेय का?"

"तसं नाही हो! शास्त्रात असं म्हणतात, की एखादी भाषा..."

"पूस ते."

"पुसता येत नाही. फ्लेक्स आहे."

"मग पोरांना शिकव माझे पाच शब्द. मी रोज सकाळी येईन, फुकट. चिचासुद्धा आणीन, पोरांना नाही, तुला."

मास्तरानं फलकाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. म्हणाला, "अर्थच माहीत नाही त्यांचा, तर फळ्यावर काय लिहू? तपासायला साहेब येतात. ते विचारतात, हे कुठल्या पुस्तकातलं?"

मेल्चोरा दारापर्यंत गेली आणि मागं फिरली. "बरं. मेलीय म्हणतोस ना? मग मेल्याचं जे करतात ते मी करते. एक नोव्हेंबरला चौकात तिच्या नावानं पुड्या देते, शब्द म्हणेल त्या पोराला. बघू कोण अडवतं."

झालं. तासाभरात गावभर.

आता पुड्यांचं असं आहे, की एक नोव्हेंबरला सकाळी ज्या आयांचं लहान मूल गेलेलं असतं त्या चौकात येतात. घरी केलेल्या रताळ्याच्या वड्या, खोबऱ्याच्या वड्या आणि बोटाएवढे छोटे पाव, सगळं कागदी पुडीत बांधून. आणि मग गर्दीत शोधतात आपल्या मुलाच्या वयाचं, त्याच्यासारखं दिसणारं दुसऱ्या कुणाचं मूल. सापडलं की त्याच्या आईला विचारून पुडी त्याच्या हातात देतात, गालावरून हात फिरवतात. त्या दिवशी आपली पोरं नटवून चौकात आणायची, हे प्रत्येक घराचं काम. न आणणं म्हणजे दुसरीच्या दुःखाला पाठ दाखवणं.

मेल्चोराचं मूलच नाही, तर गेलेलं कुठून असणार? इतकी वर्षं त्या दिवशी ती चौकात जातच नव्हती. पुड्या वाटून झाल्यावर सगळ्या आया चिचाला येतात, त्यामुळे ती चुलीशीच.

पाद्रीबाबा रस्त्यात भेटले. म्हणाले, "मेल्चोरा, भाषेला आत्मा नसतो."

"तुमच्या प्रवचनालाही नसतो, पाद्रे. तरी आम्ही दर रविवारी येतोच की."

पण खरी अडचण पाद्रीबाबांची नव्हती. ती होती एदेल्मिराची.

एदेल्मिरा सिलुपू म्हणजे शेजारीण, मैत्रीण आणि तिच्या लेकीची मेल्चोरा धर्ममाता. म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. ती लेक, एस्तेला, आठ महिन्यांची असताना तापानं गेली. तीस वर्षं झाली. एदेल्मिरा दर वर्षी एक पुडी करते, एकच, आणि आठ महिन्यांचं मूल शोधते.

ती दुपारी आली तेव्हा मेल्चोरा रांजण ढवळत होती. हे ढवळणं थांबवून चालत नाही. मका तळाला धरतो, आणि एकदा धरला की सगळा रांजण करपट.

"कोमाद्रे, खरंय का मी ऐकलं ते?"

"तू काय ऐकलंस त्यावर आहे. अर्धं खोटं असतं, पण तेच जास्त गमतीचं असतं."

"हसू नकोस. चाळीस पुड्या करणार आहेस म्हणे. चाळीस! आम्ही एक करतो ती बांधताना दिवस जातो."

"मग मदतीला ये. तुझ्या हातच्या रताळ्याच्या वड्या बऱ्या होतात, माझ्या दगड होतात."

"अगं, हा खेळ आहे का? निवडणुकीला कॅलेंडरं वाटतात तशा पुड्या वाटायच्या? शब्द म्हण आणि वडी घे? आम्ही तिथं का जातो तुला माहीत आहे?"

"माहीत आहे. मी धरलं होतं तिला बाप्तिस्म्याला."

"धरलं होतंस. पण आई तू नव्हतीस." एदेल्मिरा थांबली असती तर बरं झालं असतं. ती थांबली नाही. "पुड्या आईनं द्यायच्या असतात. तू कुणाचीच आई नाहीस, मेल्चोरा."

कोमाद्रे न म्हणता मेल्चोरा म्हणाली.

रांजणातली लाकडी पळी उभीच राहिली. एदेल्मिरा निघून गेली तरी उभी. मका तळाला धरला, वास आधी घरात आणि मग गल्लीत गेला. त्या दिवशी काठीवर फडकं चढलं नाही. कापसातून येणारे गडी दाराशी येऊन काठीकडं बघत उभे राहिले, जसं काही काठीनंच त्यांना फसवलं. "काय झालं, दोन्या मेल्चोरा? आजारी आहात का?" एकानं विचारलं.

"नाही. करपली."

"तुमची? करपली?"

"घरी जा. बायकोला धक्का बसेल, पण जा."

संध्याकाळी तिनं रांजणाचा तळ वाळूनं घासला. घासता घासता रडली असेल तर ते रांजणाला माहीत. घासून झाला, पालथा घातला, आणि तिनं रताळी उकडायला ठेवली. तिचं म्हणणं साधं होतं. एदेल्मिराचं खरं आहे, ती कुणाची आई नाही. म्हणूनच तिच्यानंतर तिच्या घरात तुंकाल म्हणणारं कुणी नसणार. ज्यांना पोरं आहेत त्यांनी आपली पोरं नटवून चौकात आणायचीच आहेत, मग तिथंच ती त्यांना शब्द देणार. दुसऱ्या कुठल्या दिवशी गावातली सगळी पोरं एका जागी, हात पुढं करून उभी राहतात?

एक तारखेला सकाळी बिशपच्या पाठीवर दोन टोपल्या आणि त्यांत चाळीस पुड्या घेऊन ती चौकात आली. चर्चच्या पायरीपाशी "तुंकाल" म्हणाली, बिशप थांबला. चौक पोरांनी फुललेला. बापांच्या खांद्यावर पोरं, कडेवर पोरं, चकचकीत बुटांनी धूळ उडवणारी पोरं.

पहिला आला तो पाचेक वर्षांचा, केसांना पाणी लावून चापून बसवलेला.

"पुडी हवी?"

"हो!"

"मग म्हण, तुंकाल."

त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं मागून दंड धरला. "कोण गेलं तुमचं, दोन्या मेल्चोरा?"

"माझ्या आजीची बोली."

"म्हणजे कुणीच नाही! मेल्याशिवाय पुडी देणं म्हणजे मरणाला आवतण. चल रे, हात पूस. पूस म्हणते ना!"

ते दुसरीनं ऐकलं, तिनं तिसरीला सांगितलं. मेल्चोराभोवती अंगणभर मोकळी जागा तयार झाली. परगावच्या एका माणसानं येऊन विचारलं, "केवढ्याला पुडी?" एका मिशाळानं लांबून ओरडून विचारलं की महापौराच्या निवडणुकीला उभ्या आहात का. "उभी राहिले तर तुझी उधारी आधी जाहीर करीन," ती म्हणाली, आणि तो गर्दीत शिरला. पण पुडी एकही गेली नाही. ऊन चढलं, रताळ्याच्या वड्यांना घाम फुटला, कागद चिकटायला लागले. बिशपनं एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. मेल्चोरानं तेवढंही केलं नाही. शाळेच्या उन्हात उभं राहायची सवय तिला फार जुनी होती.

आणि मग एदेल्मिरा दिसली. काळी शाल, हातात एकुलती पुडी. ती मेल्चोराकडं न बघता बाजूनं गेली आणि चार पावलांवर एका तरुण पोरीपाशी थांबली. पोरीच्या कडेवर गुटगुटीत बाळ होतं.

"किती महिन्यांची?"

"परवा आठ पूर्ण झाले, दोन्या."

"देऊ?"

पोरीनं बाळ जरा पुढं केलं. एदेल्मिरानं पुडी त्याच्या मुठीत ठेवली, बाळाची बोटं तिच्यावर मिटवली, आणि बाळाच्या कानाशी वाकून हळू म्हणाली, "लामू, लामू."

मेल्चोराच्या हातातला बिशपचा दोर सुटला. "काय म्हणालीस?"

एदेल्मिरा वळली. डोळे पुसले, आणि मग चिडली. "काय म्हणाले? तूच म्हणायचीस ना! एस्तेला माझ्याकडं रडून घर डोक्यावर घ्यायची आणि तू लामू म्हटलं की गप्प. दुसऱ्या कशानं झोपायचीच नाही ती. मग आता तिला भेटल्यावर काय म्हणू? शुभ प्रभात?"

"दर वर्षी म्हणतेस?"

"दर वर्षी."

"तीस वर्षं? आणि मला सांगायचं नाही?"

"तू कधी आलीस इथं? विचारलंस कधी?"

बाळ कागदासकट पुडी चघळत होतं. मग एदेल्मिराची नजर टोपल्यांकडं गेली.

"एकही नाही गेली?"

"एकही नाही."

"आणि तू संध्याकाळपर्यंत अशीच उभी राहणार."

"उद्या सकाळपर्यंत."

"गुआ!" एदेल्मिरानं कपाळाला हात लावला. "तुझ्यासारखी मूर्ख बाई या वाळवंटात दुसरी नाही. अगं, पोरं चुकीची धरतेयस तू! गेलेल्यासारखं दिसणारं शोधायचं असतं. माझी आठ महिन्यांची होती म्हणून मी आठ महिन्यांचं बघते. तुझी ती बोली गेली तेव्हा केवढी होती?"

"असेल... हजारभर वर्षांची."

"मग दुधाच्या दातांत काय शोधतेस तिला?" एदेल्मिरानं हनुवटीनं चिंचेच्या झाडाकडं दाखवलं. झाडाखालच्या बाकांवर गावातले म्हातारे-म्हाताऱ्या बसल्या होत्या, गवती टोप्या गुडघ्यांवर ठेवून. "ते बघ. निम्मे तर आधीच तिच्यासारखे दिसतात."

मेल्चोरानं एक क्षण विचार केला आणि टोपली उचलली. दुसरी एदेल्मिरानं.

पहिल्या बाकावर तेयो होता, अठ्ठ्याऐंशीचा; बाईला दोन्या म्हणतात तसं मानानं त्याला सगळे दोन तेयो म्हणतात. हात अजून टोप्या विणतात, डोळे विणत नाहीत, म्हणून टोप्या तिरक्या होतात.

"दोन तेयो, पुडी घ्या."

"मला?" म्हातारा दचकला. "सत्तर-ऐंशी वर्षांत मला कुणी पुडी दिली नाही. कोण गेलंय?"

"माझ्या आजीची बोली."

"हां, ती. माझ्या आईचीपण तेव्हाच गेली." त्यानं दोन्ही हात पुढं केले, पोरांसारखे. म्हाताऱ्यांना मरणाच्या आवतणाची भीती नसते, त्यांना ते आधीच आलेलं असतं.

"आधी म्हणा, तुंकाल."

"तुंकाल," दोन तेयो म्हणाला, आणि वडी तोंडात टाकून चघळता चघळता, "पुढचं?"

"पुढचं काय?"

"अगं, तुंकाल म्हणून गाढव थांबवलंस. मग हलवतेस कसं?"

"काठीनं."

"काठीनं!" म्हाताऱ्याला एवढा राग आला की खोबरं उडालं. "गोयाची नात ना तू? आणि काठीनं? हुआपी म्हणायचं! तुंकाल म्हटलं की थांबतं, हुआपी म्हटलं की निघतं. गोयाला येत नव्हतं? येत असणार. तिचं गाढव निघायचंच नाही कधी, म्हणून विसरली असेल."

मेल्चोरानं टोपली खाली ठेवली. "परत म्हणा."

"हुआपी."

"परत."

"पोरी, मला दात नाहीत, तू मला व्यायाम करायला लावतेस. हुआपी!"

मेल्चोरानं शालीच्या टोकाला गाठ मारली, विसरू नये म्हणून. मग ती बाकाबाकानं फिरली. पुडी द्यायची, शब्द म्हणवून घ्यायचा, आणि थांबायचं. घाई करायची नाही. एका म्हातारीनं "लामू" म्हटलं आणि मग डोळे मिटून त्यापुढची ओळच म्हटली, सूर लावून, आणि स्वतःच रडायला लागली. दोन भावांचं एका नव्याच शब्दावरून भांडण जुंपलं. तो चुलीला म्हणायचा की मांजराला, यावर. एका आजोबांनी एक शब्द मेल्चोराच्या कानात सांगितला आणि कानापर्यंत लाल झाले. ती शिवी असावी. तिचीही गाठ मारून घेतली.

दुपार होईतो शालीला चार गाठी पडल्या होत्या. पाच द्यायला आलेली बाई नऊ घेऊन निघाली.

पण टोपल्यांत अजून पंधरा-वीस पुड्या शिल्लक होत्या, आणि पोरं अजून चौकातच. त्यांच्या आया लांबून बघत होत्या. मेल्चोरानं टोपल्या बिशपच्या पाठीवर चढवल्या आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाली, "उरलेल्या पुड्या मेल्याच्या नाहीत हो! मेल्याच्या होत्या त्या संपल्या. ही गाढव हाकायची मजुरी आहे. कुणाला कामाला यायचंय?"

आया एकमेकींकडं बघायला लागल्या. मजुरीवर कुणाचं काय म्हणणं असणार? ज्याच्या आईनं हात पुसायला लावला होता तो पाच वर्षांचा पठ्ठ्या सगळ्यात पुढं धावला, आणि त्याच्यामागं बाकीचे.

चौकालगतच्या टेकाडावर, शाळेच्या दारासमोर आल्यावर मेल्चोरा म्हणाली, "तुंकाल." बिशप थांबला. विल्मेर मास्तर शेजारच्या घरातून आपल्या लेकीला खांद्यावर घेऊन बाहेर आला.

"आता म्हणा रे, हुआपी!"

"हुआपी!" सगळी पोरं ओरडली. चिंचेखालून दोन तेयोनं टोपी हलवली.

बिशप हलला नाही. त्यानं हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. तो फ्लेक्सच्या भिंतीकडं तोंड करून उभा, जगाच्या पापांचा विचार करत.

"हुआपी! हुआपी!"

"दोन्या मेल्चोरा," मास्तर हसू दाबत म्हणाला, "नाही कळत हो त्याला."

"आज पहिल्यांदा ऐकतोय तो. तुला पाढे पहिल्याच दिवशी आले होते? मला आठवतंय तुझं." तिनं काठी उचलली, बघितली, आणि ती शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवून दिली. स्वतः दगडावर बसली, पाय पसरून, पुड्यांची टोपली मांडीत घेऊन. एदेल्मिराही येऊन शेजारी टेकली आणि न विचारता एक वडी तोंडात टाकली.

"दगड झालीय, कोमाद्रे," ती म्हणाली.

"सांगितलं होतं, मदतीला ये."

मास्तराच्या खांद्यावरची लेक बापाचे कान धरून ओरडत होती, "हुआपी! हुआपी!" आणि बाप आता कुणाच्याच पोराला गप्प बस म्हणू शकत नव्हता.

बिशपनं एक कान फिरवला.

"बघितलंत?" मेल्चोरा म्हणाली. "परत म्हणा."